उपाली : मुलाचेच नाव!

एका भगिनीचे पत्र आले आहे. घरात पहिला नातू झाला. बाळाच्या वडिलांनी 'उपाली' हे नाव सुचवले आणि घरात दोन तट पडले. आत्याबाई म्हणतात, "वैशाली, दीपाली, रूपाली तसंच हे उपाली. मुलीचं नाव मुलाला कशाला?" आणि एक वडीलधारे काका त्याहून पुढे गेले. ते म्हणाले, "उपाली तर न्हावी होता. तेच नाव सापडलं का तुम्हाला?"

आत्याबाईंची शंका रास्त आहे. मराठी कानाला 'आली'ने संपणारे नाव मुलीचे वाटते, यात त्यांचा दोष नाही. पण पाली भाषेत हा शब्द 'उपालि' असा ऱ्हस्व इकाराने लिहितात आणि तो पुल्लिंगी आहे. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहायची रीत असल्याने कवि-हरिचे जसे कवी-हरी झाले, तसे उपालिचे उपाली झाले. एवढाच काय तो फरक. श्रीलंकेत हे नाव पुरुषांचेच. तिथले नामांकित उद्योगपती उपाली विजेवर्धने यांचे विमान १९८३ साली क्वालालंपूरहून कोलंबोला येताना बेपत्ता झाले, त्या वेळी ते नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले होते. आपल्याकडे मात्र राहुल, सिद्धार्थ, आनंद, मिलिंद घरोघरी झाले आणि उपाली मागे राहिला.

आता काकांचे. उपाली न्हावी होता हे खरे. कपिलवस्तूच्या शाक्यांच्या घरचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगू, किंबिल आणि देवदत्त हे सहा शाक्यकुमार घर सोडून भगवंतांकडे निघाले, तेव्हा तो सोबत होता. वाटेत त्यांनी अंगावरचे दागिने काढून गाठोडे बांधले आणि त्याला दिले. म्हणाले, हे घे, तुझ्या जन्माची सोय झाली, आता माघारी जा. उपाली थोडा गेला आणि थबकला. शाक्य तापट, दागिने पाहून मीच मुलांना मारले म्हणतील, हा एक विचार. आणि दुसरा असा, की ही राजघराण्यातली मुले सगळे सोडून जातात, तर मी का नाही? त्याने गाठोडे झाडाला टांगले, 'जो पाहील त्याने न्यावे' म्हणाला, आणि परत फिरला.

पुढे मल्लांच्या अनुपिया गावी त्या कुमारांनी भगवंतांना विनंती केली, की आम्हा शाक्यांना मोठा गर्व आहे, म्हणून आधी या उपालीला प्रव्रज्या द्या. संघात मोठेपण वयाने वा कुळाने ठरत नाही, आधी कोण आला यावर ठरते. भगवंतांनी उपालीला आधी घेतले. काल ज्यांची दाढी करीत होता, ते आज त्याला वाकून वंदन करू लागले.

काका, या नावात लाजायचे काय आहे ते आता तुम्हीच सांगा.

आणि गोष्ट इथे संपत नाही. विनय म्हणजे संघाचे नियम जाणणाऱ्यांत उपाली अग्र, असे खुद्द भगवंतांनी सांगितले. एकदा त्याला रानात एकटे राहावेसे वाटले, तर भगवंत म्हणाले, तू संघातच राहा. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली. महाकाश्यपांनी धम्म विचारला आनंदांना आणि विनय विचारला उपालीला. कोणता नियम, कुठे, कोणामुळे झाला, हे एकेक करून त्याने सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर संघाची घटना त्याच्या मुखात होती. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हीनदीन लेखलेल्यांच्या धम्मदीक्षा सांगताना उपालीला भंगी सुनीत आणि सोपाक यांच्यासोबत मानाने बसवले आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे किळस यावी असे असावे, असे लिहिले आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी कचरू, धोंडू अशी नावे कधी मूल जगावे म्हणूनही ठेवली, ती गोष्ट वेगळी. पण १९५६ नंतर आपण पाळण्यातली नावे बदलली ती उगीच नाही.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. १७५३ साली सयामहून उपाली नावाचे स्थविर श्रीलंकेत आले आणि तिथे खंडित झालेली उपसंपदा त्यांनी पुन्हा सुरू केली. त्यातून सियाम निकाय उभा राहिला. पण पुढे त्याच निकायाने गोयिगम जातीपलीकडच्यांना उपसंपदा नाकारली! मग इतर जातींचे श्रामणेर ब्रह्मदेशाला गेले, तिथे उपसंपदा घेऊन १८०३ साली परतले आणि त्यांनी अमरपूर निकाय काढला. न्हाव्याला सर्वांआधी घेणाऱ्या संघात, उपाली नावाच्याच भिक्खूने सुरू केलेल्या परंपरेत, हे घडले.

मुलांसाठी आणखी एक उपाली आहे, राजगृहाचा. त्याच्या आईबापांना पोराची फार चिंता. लेखन शिकवावे तर बोटे दुखतील, हिशेब शिकवावा तर छाती भरून येईल, नाणी पारखायला लावावे तर डोळे दुखतील! म्हणून त्याने भिक्खू व्हावे, तिथे आरामात राहील, असे त्यांनी ठरवले. हा उपाली सोळा मित्र घेऊन संघात गेला आणि पहाटेच सगळी पोरे पेज हवी म्हणून रडू लागली. तेव्हापासून वीस वर्षांच्या आत उपसंपदा नाही, असा नियम झाला. ही गोष्ट आजीने नातवाला जरूर सांगावी; अभ्यासाला कंटाळला की तर हमखास.

ता. क. नाव ठरल्यावर जन्मनोंदणीत लगेच घाला. वर्षाच्या आत नाव घातले तर शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. 'उपाली'तला 'ली' दीर्घ आहे हे कारकुनाला सांगा, आणि दाखला हातात आला की लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' लिहिले आहे ना, तेवढे तिथेच पाहून घ्या.