अंग चोरणारे औषध

हिवतापाचे नाव न ऐकलेले घर आपल्याकडे विरळाच. त्याच्या जंतूवर एके काळी हमखास लागू पडणारे पायरिमेथामाइन पुढे निष्प्रभ का ठरू लागले, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

हे औषध जंतूच्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, खाचेत जाऊन बसते. विकराचे कार्य थांबते, नवा डीएनए घडेनासा होतो व जंतू मरतो. २००३ साली थायलंडमधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याची रचना उलगडली आणि मर्म स्पष्ट दिसले. साखळीतील १०८ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी किंचित मोठे ॲस्परजीन आले, की औषधाचा ताठ रेणू तेथे अडखळतो. लवचीक रेणू मात्र अंग चोरून आत सामावतो.

याच बोधावरून पी-२१८ हे संयुग रचले गेले. २०१२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली व पुढे माणसांवर प्राथमिक चाचण्याही झाल्या. जंतू रूप पालटीतच राहणार. परंतु तो नेमका कोठे पालटला हे दिसले, तर औषधही पालटता येते. रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्यांना हा दिलासा थोडा नव्हे, असे आम्हांस वाटते.