सुई कुणाच्या हातात?



माणसाच्या कातडीवर लिहिणं हा माझा धंदा आहे. कागदावरचं फाडता येतं, भिंतीवरचं चुन्यानं पुसता येतं. कातडीवरचं मसणवट्यापर्यंत सोबत येतं. म्हणून या अंकात कवितेबद्दल बोलत नाही, सुईबद्दल बोलतो. सवाल एकच आहे. सुई कुणाच्या हातात, आणि काय लिहायचं ते ठरवतं कोण?

आपल्या देशात हा सवाल निव्वळ शौकाचा कधीच नव्हता. कंपनी सरकारनं 1797 साली बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायचा नियम केला. 1849 पर्यंत तो चालला. तुम्ही म्हणाल, राज्य गोऱ्यांचं होतं. मग 1993 घ्या. स्वतंत्र भारत. अमृतसर. सांसी जमातीच्या चार बायकांच्या कपाळावर पोलिसांनी 'जेबकतरी' असं गोंदलं. सांसी म्हंजे गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं जन्मतःच चोर ठरवलेली माणसं. कायदा गेला, पण वर्दीच्या डोक्यातून गेला नाही. त्या पोलिसांना कोर्टानं शिक्षा दिली 2016 मध्ये. शाई बसायला काही मिनिटं पुरतात, न्याय बसायला जवळजवळ 23 वर्षं लागली.

आता उलटी बाजू बघा. छत्तीसगडात देवळाची पायरी नाकारलेल्या दलितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'राम' हे नाव अंगभर गोंदून घेतलं. चेहऱ्यावर, डोक्यावरसुद्धा. तेच रामनामी. त्यांचा राम मला पटो न पटो, सुई त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, एवढं मला पटतं. आणि 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं? ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ते टाकून द्या. अंग वाचलं जातं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. अंगावर काय असावं आणि काय नसावं, हे अंगाच्या मालकानंच ठरवायचं असतं.

माझी खोली लहान आहे. एक खुर्ची, एक दिवा, एक पडदा. बाहेर पाटी नाही. माणसं वेळ ठरवून येतात, दिवसाला एकच. भिंतीवर तयार चित्रं लावून 'हे घे नाहीतर ते घे' असला व्यवहार इथं नाही. आधी बसायचं, बोलायचं, कागदावर काढायचं, खोडायचं. पटलं तर अंगावर. चार-चार तास परक्याचा हात माझ्या हातात असतो. ज्याच्या आज्यानं माझ्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्याचा नातू मला दंड देतो आणि म्हणतो, दादा, सांभाळून. एखादा मधेच आडनाव विचारतो. मी सांगतो. आखडलेला स्नायू ग्लोव्ह्जमधूनही कळतो. माझी सुई थांबत नाही.

आमच्या यंत्राची गोष्टही ऐका. एडिसननं 1876 साली विजेवर चालणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. ते पेन कागदाला भोकं पाडून स्टेन्सिल बनवायचं, म्हंजे एका मजकुराच्या अनेक प्रती निघायच्या. सायक्लोस्टाईलवर ज्यांनी अंक काढले त्यांना स्टेन्सिल सांगायला नको. त्याच कल्पनेवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं 1891 मध्ये गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. म्हंजे हत्यार मुळात लेखणीचंच. मी धंदा बदललेला नाही.

पण लेखणी घाण असली तर रक्त नासतं. सुई कातडीत साधारण एक-दीड मिलिमीटर जाते. वर राहिली तर शाई झडते, खोल गेली तर पसरते. एकाची सुई दुसऱ्याला लावली तर हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही फुकटात मिळू शकतो. जत्रेत, फुटपाथवर एकाच सुईनं, एकाच शाईच्या वाटीतून रांगेनं गोंदलं जातं. रांगेत आपलीच पोरं असतात, कारण तिथं स्वस्त पडतं. गरिबाच्या रक्ताची काळजी कुणी करायची? म्युनिसिपालटीनं दुकानं तपासावीत, वापरलेल्या सुया वेगळ्या उचलाव्यात, ही मागणी आपण केली पाहिजे. तोवर तुम्हीच डोळे उघडे ठेवा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. शाई तुमच्यापुरती वेगळ्या टोपणात ओतली पाहिजे. जी हत्यारं पुन्हा वापरायची ती ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंशांवर, वाफेच्या दाबाखाली किमान पंधरा मिनिटं. नुसतं डेटॉल शिंपडून भागत नाही.

आता पोरांनो, तुमच्याशी. भरतीसाठी पहाटे मैदानावर धावता आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणता, मानेवर 'जय भीम' टाक. मी टाकत नाही. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांच्या नियमात टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, तोही त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान. मानेवरच्या दोन शब्दांपायी वैद्यकीय तपासणीत बाहेर फेकला गेलास, तर बाबासाहेबांना काय मिळालं? जागा बदल, आकार कमी कर, नाहीतर निकाल लागल्यावर ये. आणि 14 एप्रिलला रक्तदान करायचं असेल तर तारखेचा हिशेब ठेव. गोंदल्यानंतर बारा महिने रक्त घेत नाहीत.

अठराच्या आतल्याला मी नाही म्हणतो. दारू प्यालेल्याला नाही म्हणतो. जातीचा माज दंडावर मिरवायचा असेल त्याला, मग तो कुठल्याही जातीचा असो, नाही म्हणतो. घरभाड्याच्या तारखेला हे नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणतो. कैद्याच्या कपाळावर गोंदणाराही पगारी माणूसच होता. हुकूम आला, त्यानं गोंदलं. नाही म्हणायची ताकद नसलेला हात कितीही सफाईदार असला तरी तो नोकराचाच हात.

म्हणून सांगतो, ज्यांच्या बोटात चित्र आहे त्यांनी हा धंदा शिकावा. आधी संत्र्याच्या सालीवर, मग नकली कातडीवर, वर्षभर तरी. हेपटायटिस बीची लस पूर्ण घ्यावी, मगच माणसाला हात लावावा. आपल्या अंगावर इतरांनी फार लिहिलं. आता सुई आपल्याकडे आहे. तर ती स्वच्छ ठेवा, आणि विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला लावू नका.