कोटेशनच्या कागदावर जीमेलचा लोगो कशाला?

विषय छोटा आहे, पण मला तो 3,400 रुपयांना पडला.

दुकानाचं पहिलंच वर्ष होतं. एका शाळेला 200 डायऱ्या हव्या होत्या. मी काय केलं, होलसेलरचा मेल फॉरवर्डला घेतला, वर माझा 85 रुपये भाव टाइप केला, स्वतःलाच पाठवला आणि प्रिंट मारली. दोन पानं आली. न बघता स्टेपल केली. शाळेतल्या क्लार्कने शांतपणे दुसरं पान उलटलं आणि म्हणाले, "तुम्हाला 62 ला पडते, मग आम्हाला 85 का?" शेवटी 68 ला दिली. वाद कशाच्या जोरावर घालणार?

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: मेलची प्रिंट जशीच्या तशी ग्राहकाच्या हातात द्यायची नाही.

तुमची एखादी प्रिंट काढून बघा. वर तारीख-वेळ, खाली लांबलचक लिंक आणि पान नंबर. हे ब्राउझर छापतो. क्रोममध्ये कंट्रोल-पी दाबा, 'मोअर सेटिंग्ज' उघडा, 'हेडर्स अँड फूटर्स'ची टिक काढा. झालं! फायरफॉक्समध्येही तिथेच, 'प्रिंट हेडर्स अँड फूटर्स' नावाने मिळेल.

पण गंमत अशी की एवढं करूनही जीमेलचा लोगो, तुमचा मेल आयडी आणि 'टू-फ्रॉम' तसंच राहतं. कारण ते जीमेलने स्वतः पानावर टाकलेलं असतं, ब्राउझरच्या टिकशी त्याचा संबंध नाही. बरेच जण इथेच वैतागून प्रिंटरला शिव्या घालतात! तिथे सरळ मजकूर कॉपी करा, वर्डमध्ये पेस्ट करा, वर दुकानाचं नाव, पत्ता, फोन टाका आणि पीडीएफ करा. पाच मिनिटं लागतात. लेटरहेड छापलेलं नसलं तरी चालतं.

आणि मेलची ये-जा बरीच झाली असेल तर वरच्या प्रिंटरच्या चिन्हाला हात लावू नका, ते अख्खी साखळी छापतं. हव्या त्या मेलच्या उजवीकडचे तीन टिंब दाबा, तिथला 'प्रिंट' घ्या. फॉरवर्ड केलेला मेल असेल तर खालचा जुना मजकूर मात्र त्यातही येतो. माझा घात तिथेच झाला.

आता उलटी बाजूही ऐका. सगळीकडे हे पुसत सुटू नका. ग्राहकाने मेलवर ऑर्डर दिलीय, सप्लायरने "माल परत घेतो" असं लिहून दिलंय, अशा मेलच्या प्रिंटवर कोणी, कोणाला, कधी पाठवलं हे सगळं दिसायलाच हवं. उद्या पैसे अडकले तर तोच कागद पुढे करावा लागतो, आणि मूळ मेल तर डिलीट करायचाच नाही. मी अशा प्रिंटा वेगळ्या फाइलला लावतो, लिंकसकट.