बंद कंटेनर, बेवारस जबाबदारी

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी रचण्यात आल्या होत्या. त्या रचनेची किंमत गोदी कामगारांनी, आसपासच्या वस्त्यांनी आणि अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण देऊन चुकविली. माल कुठे, कशाशेजारी आणि कसा ठेवावा हा प्रश्न माणसांच्या जिवाशी निगडित आहे, हा धडा मुंबईला त्या दिवशी मिळाला. आठ दशकांनंतर तो पुन्हा गिरविण्याची वेळ आली आहे. कारण त्या काळी जहाजाच्या पोटात काय आहे हे रचणाऱ्याला आणि खलाशाला दिसत तरी होते. आज माल बंदरात येतो तो सीलबंद पोलादी पेटीतून. तो आत कसा बांधला आहे हे जहाजाच्या कप्तानालाही पाहता येत नाही.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि मालवाहतुकीचे अर्थशास्त्र पालटले. माल चढविण्या-उतरविण्याचा खर्च झपाट्याने घसरला, याचे गोडवे पाठ्यपुस्तके गातात. परंतु माल रचण्याचे आणि आवळण्याचे श्रम नाहीसे झाले नाहीत. ते धक्क्यावरून उठून कारखान्यांत आणि गोदामांत गेले. धक्क्यावर संघटना होती. पी. डिमेलो यांच्या पिढीने लढून उभी केलेली ताकद होती, १९४८ च्या कायद्याखाली नोंदणी आणि डॉक लेबर बोर्ड होते. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईचा कंटेनर-व्यापार खाडीपलीकडे सरकला, तेव्हा हे काम ज्या गोदामांत गेले तेथे ही संरक्षणे त्याच्यासोबत गेली नाहीत.

या कामाला अकुशल म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. पोलादी पत्र्याची १० टनांची कॉइल परदेशी पाठवायची आहे. खवळलेल्या महासागरात माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने आडवा रेटला जातो असे धरून बांधणी करावी, असे आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. म्हणजे ही कॉइल ८ टनांच्या जोराने कंटेनरच्या बाजूवर येऊ पाहणार. ती लाकडी बैठकीवर ठेवली तर लाकूड आणि तळाचे प्लायवुड यांमधील घर्षण फार तर साडेचार टन तोलून धरील. उरलेला साडेतीन टनांचा रेटा बांधणीने सोसायचा आहे. आणि कंटेनरच्या तळाशी असलेल्या कडीची प्रमाणित क्षमता किमान एक टन एवढीच असते. दोन पट्टे आवळून हे काम भागत नाही. वजन तळाच्या आडव्या तुळयांवर पसरावे लागते, दोन्ही बाजूंनी अडणी ठोकावी लागते, पोकळ्या भरून काढाव्या लागतात. त्यात चूक झाली तर वळणावर ट्रेलर कलंडतो, कंटेनरची भिंत फुटते, किंवा दार उघडताच माल समोरच्या हमालाच्या अंगावर येतो.

एवढे कौशल्य ज्या हाताला हवे, त्या हाताला अनेक ठिकाणी नगावर मजुरी मिळते. जितके कंटेनर लवकर भरतील तितके पैसे. अशा मजुरीत नीट बांधणी करणारा तोट्यात जातो आणि घाई करणारा फायद्यात राहतो. दोष मजुराचा नाही, दराचा आहे. लाकूड आणि वेळ वाचविल्याचा लाभ एकाला होतो आणि हानी हजारो मैलांवरच्या दुसऱ्याच्या माथी पडते. छोट्या निर्यातदारालाही यात सुख नाही, कारण बांधणी अपुरी होती असे दाखवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

बंद पेटीतील धोका किती दूर पोहोचतो हे मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ दिसले. १,४८६ कंटेनर वाहणारे ‘एक्स-प्रेस पर्ल’ पेटले आणि पुढे बुडाले. त्यावर २५ टन नायट्रिक आम्ल होते आणि एक कंटेनर गळत असल्याचे आधीच लक्षात आले होते. कतारमधील हमाद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांनी तो उतरवून घेतला नाही, असे जहाज चालविणाऱ्या कंपनीने सांगितले. गळणारी पेटी ज्याला त्याला दुसऱ्याची वाटली. प्लास्टिकच्या दाण्यांनी भरलेला किनारा आणि बंद पडलेली मासेमारी मात्र श्रीलंकेच्या कोळ्यांच्या वाट्याला आली.

कायदा काय करतो? १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळविणे जगभर सक्तीचे झाले. माल नीट बांधलेला असावा असे सर्वसाधारण बंधनही समुद्री सुरक्षेच्या करारात आहे. पण तो कसा बांधावा, कोणाला कोणते प्रशिक्षण द्यावे, साखळीत कोणाची काय जबाबदारी हे तपशिलाने सांगणारी २०१४ ची संहिता ऐच्छिक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना तिची एक जनक असूनही ती ऐच्छिकच राहिली. वजनाचा आकडा सक्तीचा आणि बांधणीचे नियम मर्जीचे, ही विसंगती टिकू देता कामा नये.

म्हणून कामगार चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. संहितेतील बांधणीचे नियम देशात बंधनकारक करावेत. प्रत्येक कंटेनरबरोबर बांधणीचा दाखला असावा आणि त्यावर माल पाठविणाऱ्या मालकाची सही असावी. मुकादमाच्या अंगठ्यावर ती जबाबदारी ढकलता येऊ नये. जड मालाला नगावरची मजुरी बंद व्हावी. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात आहे; कंटेनर भरणारी प्रत्येक टोळी त्याखालील मंडळाकडे नोंदली जावी आणि प्रशिक्षणाचा खर्च मालकांवर पडावा. उरण-पनवेल पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी सुरुवात गोदामाच्या फाटकापासून करावी: आत कोण काम करतो, कोणत्या दराने, आणि पट्टा तुटला तर कोणाला जाब विचारता येतो, एवढी माहिती जमविली तरी लढ्याची पहिली पायरी चढली जाईल.