काढा घेता का, हे डॉक्टरांनीच विचारावे



सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे लिहावीत की नाही, हा वाद महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीपासून धुमसतो आहे. तो महत्त्वाचा आहेच. पण चिठ्ठी कोणी लिहायची यावर भांडणाऱ्यांपैकी किती जण पेशंटला विचारतात, की घरी आणखी काय घेता?

काही फॅमिली डॉक्टर झाडपाल्याचे नाव काढताच खेकसतात. काही जण ‘घ्या, त्याने काही अपाय होत नाही’ म्हणून मोकळे होतात. पहिल्यांपासून पेशंट लपवतो, दुसऱ्यांमुळे गाफील राहतो.

माझ्या आईचा रक्तदाब अचानक वाढला, पायांवर सूज आली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. खोकल्यासाठी ती कित्येक आठवडे ज्येष्ठमधाचे चूर्ण घेत होती, हे त्यांना ठाऊकच नव्हते. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. पण ‘असले काही घ्यायचे तर माझ्याकडे येऊ नका’ हे ऐकल्यापासून आईने तोंड उघडले नव्हते.

गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. ते दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. तेव्हा ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत डॉक्टरांनीच दूर करायला हवी.

पण म्हणून सरसकट हेटाळणीही योग्य नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा पेशंटना देऊन पाहिली, नोंदी ठेवल्या आणि उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. जगाने त्याची दखल घेतली. पारंपरिक औषधाकडे पाहण्याची हीच डॉक्टरी रीत आहे.

ओपीडीत वेळ नसतो, हे मान्य. पण ‘घरी आणखी काय घेता?’ या प्रश्नाला अर्धे मिनिट पुरते. केसपेपरवर ‘इतर औषधे’ असा रकाना ठेवावा, न रागावता विचारावे, बाटली-पुडी दाखवायला सांगावी. वैद्यांनी आणि होमिओपॅथनीही ॲलोपॅथीच्या गोळ्यांची अशीच चौकशी करावी. डॉक्टरांच्या सर्व संघटनांनी आपापल्या सभासदांना तसे स्पष्ट सांगावे. अधिकारांसाठी त्या रस्त्यावर उतरतात, मग पेशंटच्या सुरक्षिततेसाठी एवढे करणे त्यांना जड जाऊ नये.

– एक वाचक, सातारा