शिऱ्यातले बेदाणे

दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, रेवदंड्याला आमच्या दारात तीन कुत्री हमखास येतात. गेल्या वर्षी मी त्यांना सणाचा शिरा घातला, बेदाण्यांसकट. एकीला रात्रभर उलट्या झाल्या. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं. कांदा-लसूणही त्यांना घातक. तो आपल्या स्वयंपाकात नसतोच, म्हणून मी निर्धास्त होते! मैत्रिणींनो, उरलंसुरलं ओतून त्याला जीवदया म्हणू नका. त्यांच्यासाठी वेगळं शिजवा. मी तांदूळ, मूगडाळ आणि दुधी मऊ शिजवते, मीठ-मसाला न घालता. सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीला फिकं?" बंदरावर त्यांना मासळी मिळतेच. तरी सूर्यास्ताआधी थाळी वाजली की तिघंही धावत येतात.