न छापलेल्या पानांचा खर्च

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आदली रात्र. सकाळी सातला हॉस्पिटलात पोचायचं होतं आणि मेडिक्लेमच्या कागदांचे प्रिंटआऊट हवे होते. अकरा वाजता इंकजेट चालू केला. पहिलं पान कोरं, दुसऱ्यावर नुसते पट्टे. तीनदा क्लीनिंग केलं, तर मशीन म्हणतं शाई संपली! अहो, महिनाभरात एक पान छापलं नव्हतं. मग संपली कुठे?

शेवटी शेजारच्या काकांना झोपेतून उठवलं. ऑपरेशन नीट झालं, पण माझं डोकं काही शांत होईना. रविवारी जुनी बिलं काढली आणि एक्सेल उघडलं.

प्रिंटर २,८०० रुपयांचा. तीन वर्षांत काळी कार्ट्रिज पाच, ८०० प्रमाणे ४,०००. रंगीत तीन, १,००० प्रमाणे ३,०००. एकूण ९,८००. आणि छापलं किती? कागदाचं एक रीम, म्हणजे ५०० पानं. पानाला जवळजवळ २० रुपये! कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच रुपयांत देतो, वर स्टेपल मारून देतो.

खोक्यावर तर पानांचा आकडा भलताच मोठा होता. ते खोटं बोलत नाहीत बरं का. आयएसओच्या पद्धतीत ठरलेली पानं सलग छापून तो आकडा काढतात. आपल्या घरी मात्र पंधरा दिवसांत तीन पानं. मधल्या काळात हेडमधली शाई वाळते, आणि ती साफ करायला पुन्हा शाईच लागते. म्हणजे न छापल्याचेही पैसे आपणच भरतो.

लेझरचा टोनर म्हणजे कोरडी पावडर. उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. महिनोन्महिने पडून राहिली तरी वाळायचा प्रश्नच नाही.

आता हिशोब. ब्लॅक अँड व्हाइट लेझर १२,०००, सोबतचा टोनर साधारण ७०० पानांचा, पुढचा ३,००० रुपयांत १,५०० पानांचा. माझ्या वेगाने दहा वर्षांत १,७०० पानं, खर्च १५,०००. तोच इंकजेट दहा वर्षं टिकला (टिकला तर!) तरी २६,०००. पहिली पाच वर्षं मात्र इंकजेटच स्वस्त दिसतो. आपण फसतो ते इथेच.

तुम्ही म्हणाल, इंक टँक घे की. रोज रंगीत छापत असाल तर जरूर घ्या, बाटलीतली शाई खूप स्वस्त पडते. पण पडून राहिली की तीही वाळते. फोटो काय, स्टुडिओतून काढून आणावेत. आणि हो, लेझर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, गरम होताना शेकडो वॅट ओढतो.

तेव्हा दुकानात पानामागे खर्च विचारण्याआधी स्वतःला एक विचारा: माझा प्रिंटर किती दिवस नुसता बसून असतो? माझं उत्तर मिळालं आणि लेझर घरी आला. बाबांचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. या वेळी काकांना झोपू देणार.